परत आलेला माल आणि अप्रामाणिक गिऱ्हाईक

व्यापार म्हटला कीं घासाघीस, उधारी आणि खोट या तीन गोष्टी त्यांत आल्याच, हें आपल्या वाडवडिलांना ठाऊक होतें. परंतु आपल्या मध्यम वर्गाच्या घरांतून व्यापार असा फारसा होत नसे. नोकरी, वकिली, भिक्षुकी किंवा शिक्षकी हे आपले ठरलेले मार्ग. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र हें चित्र पालटलें आहे. स्वयंपाकघर आवरल्यावर दुपारच्या दोन तासांत कोणी साड्या विकते, कोणी मेतकूट आणि भाजणी विकते, कोणी सासऱ्यांच्या कपाटांतले दुर्मिळ ग्रंथ विकते. दुकान नाहीं, गल्ला नाहीं, पाटी नाहीं; हातांतला मोबाईल हेंच दुकान! ही गोष्ट सर्वथा स्तुत्य आहे. पण दुकानाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा आपल्याला दिसतो, मोबाईलच्या पलीकडे असलेल्याचा दिसत नाहीं. त्यामुळें एक नवेंच संकट या घरगुती विक्रेत्यांपुढें उभें राहिलें आहे. तें म्हणजे माल घेऊन, चार दिवस वापरून, ‘माल खराब आहे, पैसे परत करा’ असें म्हणणारें गिऱ्हाईक. अशा प्रसंगीं काय करावें, काय करूं नये, आणि आपला हक्क राखतांना आपली सचोटी कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

परतीचीं तीन कारणें

परत येणारा प्रत्येक जिन्नस कपटानेंच येतो असें समजणें हा मोठा अन्याय होईल. माल परत येण्याचीं कारणें तीन. पहिलें कारण दोष. साडीचा धागा तुटलेला असतो, पुस्तकाचीं मधलीं पानें गळालेलीं असतात, लोणच्याची बरणी वाटेंत फुटलेली असते. दुसरें कारण अनुशय. संस्कृतांत ‘अनुशय’ म्हणजे मागाहून लागलेली रुखरुख. घेतांना वस्तु आवडली, घरीं आल्यावर मन फिरलें. यांत दोष कोणाचाच नाहीं. मनुष्याचें मन आहे, तें फिरावयाचेंच. तिसरें कारण कपट. कपटाचेही प्रकार आहेत. समारंभापुरतें वस्त्र नेसून परत पाठविणें हा एक. नवा जिन्नस ठेवून घेऊन त्याच जातीचा आपल्या घरचा जुना जिन्नस डब्यांत घालून पाठविणें हा दुसरा. ‘डबा रिकामाच आला’ असें सांगणें हा तिसरा. आणि माल जवळच ठेवून ‘निम्मे पैसे द्या, नाहीं तर वाईट शेरा लिहितों’ असा धाक घालणें हा चौथा.

या तिन्ही कारणांना एकच उत्तर देणारा विक्रेता फसतो तरी किंवा फसवितो तरी. दोष असेल तर विनातक्रार पैसे द्यावेत. अनुशय असेल तर आधीं जाहीर केलेल्या अटीप्रमाणें वागावें. आणि कपटाचा संशय असेल तर पुरावा पाहिल्यावांचून हो म्हणूं नये आणि नाहींही म्हणूं नये.

आपल्या स्मृतिकारांचा विचार

हा प्रश्न नवा वाटला तरी तो फार जुना आहे. मनूनें व्यवहाराचीं म्हणजे दाव्यांचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हें एक स्वतंत्र पद आहे. घेतल्याचा किंवा विकल्याचा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आंत माल परत द्यावा किंवा घ्यावा, त्यानंतर नाहीं, अशी त्याची मर्यादा.

नारदाचा विचार याहून बारीक आहे. खरेदी फसली असें वाटल्यास त्याच दिवशीं, आणि जशीच्या तशी, वस्तु परत करावी. दुसऱ्या दिवशीं परत केल्यास किंमतीचा तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट सोडावा. त्यापुढें ती वस्तु घेणाऱ्याचीच. शिवाय कोणत्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी याचेंही कोष्टक त्यानें दिलें आहे. दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझें वाहणाऱ्याला पांच दिवस, मोतीं-हिरे-पोंवळीं यांना सात दिवस, आणि लोखंड व वस्त्र यांना अवघा एक दिवस! कारण उघड आहे. गाय किती दूध देते हें कळावयास तीन दिवस लागतात. लुगडें चांगलें कीं वाईट हें घडी उलगडतांच कळतें, आणि एकाहून अधिक दिवस तें घरांत राहिलें तर तें नेसलें जाण्याचा संभव असतो.

मळकें, वापरलेलें वस्त्र एकदां विकत घेतल्यावर तें सदोष म्हणून विकणाऱ्याकडे परत जात नाहीं, असाही एक नियम नारदानें घातला आहे. या नियमाचा रोख जुनें वस्त्र जाणूनबुजून घेणाऱ्यावर आहे असें मानलें, तरी नेसलेल्या वस्त्राचा प्रश्न त्या काळींही न्यायसभेपर्यंत जात असला पाहिजे, एवढें त्यावरून दिसतें. आणि हेच नारद विक्रेत्यालाही मोकळें सोडीत नाहींत. चांगला माल दाखवून वाईट माल हातीं देणाऱ्याकडून दुप्पट किंमत वसूल करावी आणि तितकाच दंड घ्यावा, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे तराजूचीं दोन्ही पारडीं त्यांनीं सांभाळलीं आहेत.

आजचा कायदा

आज आपल्या देशांत ‘ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९’ आणि त्याखालचे ‘ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२०’ हे लागू आहेत. त्यांतील तात्पर्य असें. माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातींत सांगितल्याप्रमाणें नसेल, किंवा कबूल केलेल्या मुदतीनंतर पोंचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास अथवा पैसे देण्यास नकार देतां येत नाहीं. आपल्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळें उशीर झाला असल्यास उशिरापुरता अपवाद आहे. मात्र केवळ मन बदललें म्हणून माल परत घेतलाच पाहिजे, असें हे नियम म्हणत नाहींत. तेथें बाजारपेठेनें किंवा विक्रेत्यानें स्वतः जाहीर केलेली अट चालते. म्हणून आपण ज्या बाजारपेठेवर माल मांडतों तिची परतीची अट आधीं शांतपणें वाचावी. सात दिवस ‘विनाकारण परत’ अशी अट आपणच मान्य केली असेल, तर मागाहून त्रागा करण्यांत अर्थ नाहीं.

प्रत्येक बाजारपेठेला तक्रार-निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्यानें अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोंच द्यावी आणि एक महिन्यांत निवारण करावें, असेंही या नियमांत आहे. एखाद्यानें घरांतलें जुनें कपाट एकदांच विकलें, तर तो नियमित धंदा नसल्यामुळें हे ई-कॉमर्स नियम त्याला लागत नाहींत. पण १९३० चा मालविक्रीचा कायदा लागतोच, आणि त्यांतही वर्णनाप्रमाणें माल असला पाहिजे ही अट आहेच.

गिऱ्हाइकानें मुद्दाम ठकविलें असेल तर तो गुन्हाही होऊं शकतो. पूर्वीचें दंडविधानाचें ४२० वें कलम आपल्या बोलींत म्हणीसारखें रुळलें होतें. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहितेचें ३१८ वें कलम आलें आहे. परंतु फसविण्याचा हेतु सिद्ध करावा लागतो, आणि दोन हजारांच्या साडीसाठीं चौकीवर खेटे घालणें व्यवहार्य नसतें. तें अस्त्र मोठ्या रकमेसाठीं किंवा टोळीनें चालणाऱ्या फसवणुकीसाठीं राखून ठेवावें. मोबाईलवरून पैसेच लुबाडले गेले असतील, तर मात्र क्षणाचाही विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. मालविक्रीच्या कायद्याचें वर्ष आणि हा क्रमांक एकच, त्यामुळें लक्षांत ठेवण्यास सोपा!

माल पाठविण्यापूर्वीं

वादाचा निकाल बहुधा वाद सुरू होण्यापूर्वींच लागलेला असतो. ज्याच्याजवळ कागद त्याचा शब्द खरा. म्हणून पुढील गोष्टी नेमानें कराव्यात.

वर्णन प्रामाणिक लिहावें. साडी हातमागाची असेल तर हातमागाची, यंत्रमागाची असेल तर यंत्रमागाची. रेशमाची खात्री देणारें ‘सिल्क मार्क’चें लेबल असेल तर त्याचा फोटो घालावा. रंग दिव्याच्या उजेडांत वेगळा दिसतो, म्हणून फोटो दिवसाच्या उजेडांत काढावा. बारीकसा डाग किंवा गांठ असेल तर ती लपवूं नये. उलट तिचाच फोटो जवळून काढून दाखवावा. आपण दोष आधींच सांगितला म्हणजे पुढें त्याच दोषाचें निमित्त कोणाला करतां येत नाहीं.

भारी वस्त्राला काठांतून ओवलेला, क्रमांकाचा टॅग लावावा. तो असा लावावा कीं कापल्याशिवाय वस्त्र नेसतां येऊं नये. आणि ‘टॅग कापल्यास अनुशयानें परत घेतलें जाणार नाहीं’ ही अट विक्रीच्या पानावरच, बाजारपेठेच्या नियमांत बसत असेल त्या रीतीनें, स्पष्ट लिहावी. पार्सल बांधतांना वस्तु, टॅगचा क्रमांक, वजनाच्या कांट्यावरचा आंकडा आणि चिकटविलेला पत्ता हें सर्व एका सलग, न तोडलेल्या व्हिडिओंत दिसावें. कुरिअरच्या पावतीवर वजन लिहून घ्यावें. साडीच्या जागीं जुनी चादर घालून पाठविणाऱ्याला चादरीचें वजन साडीइतकें करणें सहसा जमत नाहीं. मूळ व्हिडिओ आपल्या मोबाईलमध्येंच जपून ठेवावा. इकडून तिकडे पाठवितांना त्याचा तपशील गळतो. प्रकरण न्यायालयांत गेलेंच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावें लागतें, आणि त्या वेळीं मूळ प्रत जवळ असणें फार उपयोगी पडतें.

एका पैठणीची हकीगत

आमच्या घरांत थोरली सूनबाई येवल्याच्या विणकरांकडून साड्या आणून विकते. मार्गशीर्षांत, ऐन लग्नसराईंत, तिच्याकडून एक पैठणी साडेचौदा हजारांस गेली. परतीची मुदत सात दिवसांची होती. सहाव्या दिवशीं निरोप आला, ‘रंग फोटोंतल्यासारखा नाहीं, साडी परत घ्या.’ संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं हा विषय निघाला. आमचे थोरले बंधु म्हणाले, “चौदा हजारांसाठीं घराण्याच्या नांवाला बट्टा नको. पैसे देऊन मोकळी हो.” चिरंजीव तापले. “त्या बाईंचें नांव, पत्ता, फोटो सगळ्या गटांत टाकूं. जगाला कळूं दे!”

सूनबाई शांतपणें म्हणाली, “काका, पैसे माझे एकटीचे असते तर मी सोडलेही असते. पण यांतले दहा हजार विणकराला आधींच गेले आहेत. मी अशीं दोन-तीन नुकसानें सोसलीं, तर पुढच्या खेपेला त्याच्याच मजुरींतून कापावें लागेल. आणि नांव-पत्ता मला टाकायचा नाहीं. साडी अजून पाहिलीच नाहीं, तर बाईंना लबाड कसें म्हणूं?”

तिनें लिहिलेलें उत्तर मला इतकें आवडलें कीं तें येथें उतरून देतों: “आपला निरोप मिळाला. साडी वर्णनाप्रमाणें नसेल तर ती परत घेणें हें माझें कर्तव्यच आहे. रंगांतला फरक दिसेल असे दोन फोटो दिवसाच्या उजेडांत काढून पाठवावेत, तसाच टॅगचाही एक पाठवावा. साडी हातीं आल्यावर पाठवितांनाच्या व्हिडिओशीं ताडून पाहीन आणि दोन दिवसांत कळवीन.” यांत आरोप नाहीं, आर्जव नाहीं, आणि कसलें वचनही नाहीं.

फोटो आले नाहींत. त्याऐवजीं कारण बदललें. आतां म्हणे ‘जर सुटलेली आहे’. कारण बदलणें हा कपटाचा पुरावा नव्हे, पण तें सावध होण्याचें चिन्ह खास आहे. पाठोपाठ ‘एकच तारा देईन’ असा धाकही आला. सूनबाईनें त्या धाकाला उत्तर न देतां तो निरोप तेवढा जपून ठेवला.

पार्सल परत आलें तेव्हां तिनें आणून देणाऱ्या मुलासमोरच तें सहाही बाजूंनीं पाहिलें, आणि मगच ओटीपी दिला. मग व्हिडिओ चालू ठेवून पार्सल उघडलें. वजन बरोबर होतें, साडीही तीच होती. पण टॅग कापून दुसऱ्याच दोऱ्यानें बांधलेला होता. पदरावर हळदीचा डाग होता. आणि खालच्या काठाला, आंतल्या बाजूनें, सुईच्या बारीक छिद्रांची एक सरळ रांग होती. फॉल लावून उसविला म्हणजे अशीच रांग उमटते. आमच्या सौभाग्यवतींनीं ती चष्म्याशिवाय ओळखली! जर कोठेंही सुटलेली नव्हती.

त्याच दिवशीं बाजारपेठेकडे दावा गेला. तीन फोटो आणि आठ ओळी, एवढाच मजकूर. पहिलें उत्तर एका वाक्यांत नकाराचें आलें, आणि तिकडे गिऱ्हाइकाला पैसेही पोंचले. सूनबाईनें तेच फोटो, पाठवितांनाच्या व्हिडिओंतल्या टॅगचा क्रमांक आणि बदललेल्या कारणांच्या तारखा यांसह तक्रार-निवारण अधिकाऱ्याकडे दाद मागितली. बाराव्या दिवशीं सहा हजार रुपये भरपाई मिळाली. साडी तिनें ओळखीच्या एका बाईंना, ‘एकदां नेसलेली आहे, पदरावर डाग आहे’ असें सांगून, सात हजारांस दिली. दीड हजारांची खोट आली. ठरल्याप्रमाणें एक ताराही मिळाला. त्याखालीं तिनें दोनच ओळी लिहिल्या: टॅग कापलेला होता, फॉल उसविलेला होता, छायाचित्रें बाजारपेठेकडे आहेत.

याच महिन्यांत नागपूरच्या एका बाईंनीं, नव्या साडीच्या काठांत चार बोटें धागा तुटला असल्याचा फोटो पाठविला होता. सूनबाईनें स्वतःचा व्हिडिओ पाहिला, त्यांतही तो तुटका धागा दिसला; तिनें त्याच दुपारीं पूर्ण पैसे परत केले. पहिल्या प्रकरणाचा राग दुसऱ्या गिऱ्हाइकावर निघाला नाहीं, हें मला सहा हजारांपेक्षां मोलाचें वाटतें.

काय करूं नये

माल हातीं येण्यापूर्वीं पैसे परत करूं नयेत. बाजारपेठेच्या बाहेर, खासगी क्रमांकावर तडजोड करूं नये; तेथें झालेला शब्द कोणीही ग्राह्य धरीत नाहीं. परत आलेलें पार्सल रागानें नाकारूं नये. तसें केल्यास माल परत मिळाला नाहीं हें सिद्ध करणें आपल्यालाच जड जातें. पार्सल फाटलेलें दिसलें तर सही करण्यापूर्वीं तसा शेरा लिहावा. दाव्याची मुदत प्रत्येक बाजारपेठेची निराळी आणि बहुधा थोडक्या दिवसांची असते. ॲमेझॉनवर अशा दाव्याला ‘सेफ-टी क्लेम’ म्हणतात; इतरत्र नांव निराळें असेल. ती मुदत आधींच वहीत लिहून ठेवावी.

कोणी ‘तुम्हांला पैसे पाठवितों, हा चौकोनी कोड स्कॅन करून पिन घाला’ असें म्हणेल, तर तेथेंच संभाषण थांबवावें. पैसे मिळण्यासाठीं पिन कधींही लागत नाहीं. पिन लागतो तो देण्यासाठीं. ही एक ओळ घरांतल्या प्रत्येकाला, विशेषतः माझ्या वयाच्या मंडळींना, पाठ असावी.

आणि गिऱ्हाइकाचें नांव, फोटो किंवा पत्ता चव्हाट्यावर कदापि मांडूं नये. संतापाच्या भरांत केलेली बदनामी न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाखालीं आपल्यालाच आरोपी करूं शकते. मग चोराच्या उलट्या बोंबांना आपणच निमित्त दिल्यासारखें होईल.

समारोप

अशा प्रसंगीं पैसे जातात त्यापेक्षां मन अधिक विटतें. एकदां दुधानें तोंड पोळलें कीं ताकही फुंकून प्यावेंसें वाटतें, आणि मग प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रश्नांत आपल्याला लबाडीच दिसूं लागते. असें झालें तर धंदा राहील, पण त्यांतला आनंद जाईल. व्हिडिओ, वजन आणि टॅग यांचा खरा उपयोग चोर पकडण्यापेक्षां येथें आहे. पुरावा जवळ असला म्हणजे संशय घ्यावा लागत नाहीं. जो माल बोलतो त्यावर निर्णय होतो, माणसाच्या तोंडाकडे पाहून नाहीं. ज्या घरांतून असा उद्योग चालतो, तेथील वडीलधाऱ्यांनीं ‘जाऊं दे, सोडून दे’ असा सल्ला देण्यापूर्वीं एकदां तो वजनाचा कांटा धरावयास आणि व्हिडिओ घ्यावयास हात लावावा. घरांतल्या लेकीसुनांना त्या मदतीची गरज उपदेशापेक्षां अधिक आहे.